धडा उघडण्याआधी

पुढचा परिच्छेद एकदा वाचून पाहा.

'आधी एक बाजू पक्की करून घ्यावी. मग उरलेल्या भागाच्या घड्या घालायला घ्याव्यात. किती घालायच्या हे अंगलटीवर ठरतं. एखादी लहान, एखादी मोठी झाली तर सगळं सोडून पुन्हा करावं लागतं. उंचीकडे लक्ष हवं. फार खाली आलं तर चालताना पायात येतं, फार वर गेलं तर चारचौघांत बरं दिसत नाही. पहिल्यांदा कुणीतरी समोर उभं राहून शिकवावं लागतं. पुढे सवयीने हात चालतात, आरसाही लागत नाही.'

यात एकही शब्द अवघड नाही, तरी पुष्कळ वाचक मधेच अडखळले असतील. ज्यांनी हे रोज केलं आहे त्यांच्या मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच लक्षात आलं असेल. परिच्छेदाचं शीर्षक आहे 'साडी नेसणे'. आता तो पुन्हा वाचला की घड्या म्हणजे निऱ्या हे कुणी सांगावं लागत नाही.

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये याच धर्तीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांचा उतारा कपडे धुण्याबद्दल होता, पण कपड्यांचं नाव त्यात कुठेच नव्हतं. काहींना विषय आधी सांगितला, काहींना ऐकून झाल्यावर सांगितला, काहींना सांगितलाच नाही. ज्यांना विषय आधी कळला होता त्यांना इतरांच्या जवळपास दुप्पट मजकूर आठवला. वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट याच्या पुढची आहे. विषय नंतर सांगितलेल्यांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्याइतकंच त्यांना आठवलं. वाचताना जे मनात जुळलं नाही, ते मागाहून समजावल्याने फारसं जुळत नाही.

आपल्याकडे भाषेच्या तासाला समजावण्याचा सगळा भर मागाहून असतो. आधी धडा वाचायचा, मग शब्दार्थ, मग स्पष्टीकरण, मग स्वाध्याय. वाचनाआधी काही करायचं असतं ही कल्पना मराठी शिक्षकाला नवी मात्र नाही. डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाने पाठ टाचणात 'पूर्वज्ञान', 'प्रस्तावना', 'हेतुकथन' हे रकाने भरलेले असतात. त्यांचं मूळ योहान हर्बार्ट या जर्मन विचारवंताकडे जातं. नवीन ज्ञान मनातल्या जुन्या ज्ञानाला धरूनच आत येतं, असं तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगत होता आणि त्याच्या अनुयायांनी त्यावरून पाठाच्या पायऱ्या ठरवल्या. विचार पक्का होता. पुढे त्याचा रिवाज झाला. चार-पाच सोपे प्रश्न विचारायचे, मुलांना हळूहळू धड्याच्या नावापर्यंत आणायचं आणि कुणीतरी ते नाव उच्चारलं की 'तर आज आपण हाच पाठ अभ्यासणार आहोत' म्हणत फळ्यावर लिहायचं. यात मुलांना नाव सापडतं. धड्यात शिरायची वाट मिळतेच असं नाही.

ती वाट कशी मिळते याचा एक चांगला पुरावा १९८८ सालचा आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. त्यातली काही वाचनात हुशार होती, काही कच्ची. काहींना बेसबॉलची चांगली माहिती होती, काहींना नव्हती. वाचून झाल्यावर मुलांनी मैदानाच्या लहान प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून सामन्यात काय झालं ते दाखवायचं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

हा प्रयोग मला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची आठवण करून देतो. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची आहे. तिच्यातला उतारा शहरातल्या वर्गात शिकवायचा असला की मेंढरं, कुत्री, चराईसाठीचं वणवण फिरणं हे सगळं शिक्षकाला शब्दार्थासारखं सांगावं लागतं. आता तोच उतारा माण, आटपाडी किंवा सांगोल्याकडच्या एखाद्या शाळेत नेऊन पाहा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आणि वाचताना अडखळणाऱ्या मुलाच्या घरी मेंढरं असतील, तर शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला पैसे किंवा धान्य का देतो, पाऊस लांबला की कळप कुठे वळवायचा, कोकराला रात्री कुठे ठेवायचं, हे तो न थांबता सांगेल. त्या तासापुरता वर्गातला सगळ्यात जाणता तो असतो. त्याला वाचनाआधी दहा मिनिटं बोलू दिलं तर दोन गोष्टी होतात. बाकीच्या पोरांना धडा उलगडतो, आणि पुस्तकात आपलंही काही असतं हे त्या मुलाला कळतं. माझ्या मते वाचनपूर्व कृतींचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि त्याला कसलंही साहित्य लागत नाही, प्रोजेक्टर नाही, तक्ते नाहीत. शिक्षकाने प्रश्न विचारून गप्प बसणं एवढंच लागतं.

तरीही माहिती असली म्हणजे झालं, असं नाही. आपण कोणता प्रश्न मनात घेऊन वाचतो यावर आपल्याला काय दिसतं हे ठरतं. जेम्स पिचर्ट आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९७७ मध्ये एक साधी गोष्ट वाचायला दिली. दोन मुलं शाळा बुडवून एकाच्या घरी जातात आणि घरभर हिंडतात, इतकीच ती गोष्ट. काही वाचकांना सांगितलं, घर विकत घेणाऱ्याच्या नजरेने वाचा. काहींना सांगितलं, घरफोड्याच्या नजरेने वाचा. पहिल्यांना छताची गळती आठवली, दुसऱ्यांना मौल्यवान वस्तू. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात वाचून झाल्यावर भूमिका बदलायला सांगितली, तेव्हा आधी न आठवलेले तपशीलही काही वाचकांना आठवले. पहिल्या वाचनात ते नजरेखालून गेले होते, फक्त त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

इथे एक धोका आहे. आधी सांगायचं म्हणून धड्याचा सारांश, 'मध्यवर्ती कल्पना' आणि 'संदेश' पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकले, तर मुलाला वाचायला उरतंच काय? गाइडं नेमकं हेच करतात, आणि परीक्षेच्या धास्तीने वर्गही तसाच चालू लागतो. लेखकाचा परिचयसुद्धा जपून द्यावा लागतो. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांनी लिहिलेले अभिप्राय गोळा करून १९२९ मध्ये पुस्तक काढलं. नावाचा आधार गेल्यावर चांगले शिकलेले तरुणही गोंधळले, मान्यवर कवींना मोडीत काढू लागले, सुमार कवितांची वाहवा करू लागले. नाव माहीत असतं तेव्हा आपण पुष्कळदा कवितेऐवजी नावालाच दाद देतो. म्हणून 'थोर साहित्यिक', 'थोर क्रांतिकारक' ही विशेषणं वाचनाआधी फळ्यावर येऊ नयेत असं मला वाटतं. मुलांना संदर्भ द्यावा, निकाल देऊ नये.

संदर्भ आणि निकाल यांतला फरक अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'वर चांगला दाखवता येतो. १९५९ साली आलेली ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव हे अण्णा भाऊंचं गाव, आणि कादंबरीतली माणसंही त्याच मातीतली. राणोजी हा मांग समाजातला तरणाबांड गडी गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून शेजारच्या गावची जोगणी आणायला जातो आणि जिवाला मुकतो. त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिन्यावर हात टाकतो, आणि शेवटी सरकार त्याच्या माणसांना वेठीला धरतं तेव्हा त्यांच्यासाठी स्वतःला हवाली करतो.

आजच्या दहावीच्या मुलाने हा मजकूर कोरा वाचला तर त्याला दरोडे, घोडदौड आणि मारामारी दिसेल. चित्रपटांनी शिकवलेलं तेवढंच त्याच्या हाताशी असतं. म्हणून आधी तीन गोष्टी कानावर जायला हव्यात. जोगणी काय असते आणि जत्रेचा मान एखाद्या गावाला एवढा जिव्हाळ्याचा का वाटतो, ही पहिली. ती वर्गातल्या ग्रामीण मुलांना आजीकडून विचारून आणता येते. दुसरी दुष्काळ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ दख्खनवर आले. ज्याच्याकडे जमीन नाही आणि ज्याचं पोट गावकीच्या कामाबदल्यात मिळणाऱ्या धान्यावर आहे, त्याची अवस्था अशा वेळी काय होत असेल याचा विचार मुलांनीच करावा. तिसरी हजेरी. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने देशभर पसरला. ठरावीक समाजांतल्या माणसांना, त्यांनी काही केलेलं असो वा नसो, ठरावीक वेळी पोलिसांपुढे किंवा गावकामगारापुढे हजेरी लावावी लागे. परगावी जायचं तरी परवानगी हवी. हा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात तो त्यामुळेच.

एवढं ऐकल्यावर पुस्तक उघडण्याआधी फळ्यावर चार वाक्यं लिहावीत आणि प्रत्येकाने वहीत 'पटतं' किंवा 'पटत नाही' एवढंच लिहावं. 'कायदा मोडणारा माणूस नायक होऊ शकत नाही.' 'उपाशी माणसाने धान्य लुटलं तर ती चोरी नाही.' 'जो शरण जातो तो शूर नाही.' 'नायक एकट्याच्या बळावर लढतो.' हॅरल्ड हर्बर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९७० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिचं मर्म असं की वाक्यं वादाची हवीत, ज्यांचं उत्तर पुस्तकाच्या मागे सापडणार नाही अशी. पहिल्या वाक्यावर वर्ग हमखास दुभंगतो. कुणी म्हणतं, कायदा तो कायदा. कुणी स्वातंत्र्यसैनिकांकडे बोट दाखवतं, त्यांनीही कायदाच मोडला होता की. शिक्षकाने इथे निवाडा करू नये. मुलं आता वाचायला बसतील ती आपलं म्हणणं खरं ठरतंय का हे शोधत, आणि ज्याला काही शोधायचं आहे तो पानं नुसती उलटत नाही.

नायक कोण, हा प्रश्न जुना आहे आणि आपल्याकडे त्याचा विचार फार बारकाईने झाला आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. रामासारखा गंभीर आणि संयमी तो धीरोदात्त. कलांमध्ये रमलेला वत्सराज उदयन हा धीरललित. 'मृच्छकटिका'तला दान करून करून निर्धन झालेला चारुदत्त हा धीरप्रशांत. आणि तापट, गर्विष्ठ वीर तो धीरोद्धत. वीररसाचा स्थायिभाव उत्साह मानला आहे, आणि युद्धवीराच्या जोडीला दानवीर, धर्मवीर आणि दयावीरही मानले आहेत. तलवार न उचलताही माणूस वीर ठरतो, ही समज आपल्या परंपरेत शेकडो वर्षांपूर्वीच होती. मुलांना हे वर्गीकरण पाठ करायला दिलं की ते मरतं. मात्र त्यांना आवडणारी पात्रं यांत बसवायला सांगितली की वर्ग जागा होतो.

ग्रीकांकडे अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाबद्दल वेगळी अट घातली. तो पुरा सज्जन नको, पुरा दुर्जनही नको. दुष्टपणामुळे तो रसातळाला जाऊ नये, हातून घडलेल्या एखाद्या मोठ्या चुकीने जावा. मराठी वाचकाला हे वाचताना कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आलं आणि आजही तरुण मुलं ते एका बैठकीत वाचायचा प्रयत्न करतात. विजयी अर्जुनापेक्षा हरलेल्या कर्णावर आपला जीव अधिक का जडतो, या प्रश्नावर एक अख्खा तास जाऊ शकतो आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

कर्णाच्याही पुढे गेलेलं उदाहरण संस्कृतात आहे. त्रावणकोर संस्थानात टी. गणपतिशास्त्री यांना सापडलेली आणि १९१२ पासून छापली गेलेली तेरा नाटकं भासाच्या नावावर आहेत. त्यांत 'ऊरुभंग' ही एकांकिका आहे. नायक आहे दुर्योधन. भीमाने मांड्या फोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडला आहे. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय त्याला शोधत येतो आणि नेहमीप्रमाणे मांडीवर बसायला बघतो. ज्या मांडीवर मुलाने बसायचं तीच उरलेली नाही. बाप त्याला अडवतो. मुलाला कारण समजत नाही, प्रेक्षकाला समजतं. मग हाच दुर्योधन मुलाला सांगतो की पांडवांची सेवा कर, कुंतीचं ऐक. सुडाने पेटलेल्या बलरामाला आणि अश्वत्थाम्याला तो थोपवू पाहतो आणि रंगमंचावरच प्राण सोडतो, जे संस्कृत नाटकाच्या संकेतात बसत नाही.

हा प्रवेश वाचण्याआधी वर्गाला दुर्योधनाबद्दल पाच विशेषणं लिहायला सांगावीत. ती कोणती येतील हे सांगायला नको. वाचून झाल्यावर त्याच वहीत पुन्हा लिहायला सांगावं. द्यूतसभेतला दुर्योधन आणि हा दुर्योधन एकच माणूस आहे, आणि दोन्ही खरे आहेत, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला उमगलं तर भाषेच्या तासाने आपलं काम केलं. पहिली यादी नसेल तर दुसरीला काही अर्थ उरत नाही, कारण आपलं मत कुठून कुठे सरकलं हे मग मोजता येत नाही.

आता फकिराला या जुन्या चौकटीत बसवून बघा. धनंजयाचे नायक मोठ्या कुळातले. अ‍ॅरिस्टॉटलचा नायकही नावलौकिकाच्या, भरभराटीच्या घरातला. गावकुसाबाहेरचा माणूस या दोन्ही शास्त्रांत नायक म्हणून कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. अण्णा भाऊंनी त्याला मधोमध आणून उभं केलं, आणि कुणाची दया मागण्यासाठी नव्हे, पराक्रमासाठी. मराठी साहित्यातली ही फार मोठी उलथापालथ आहे. वर्गात ती सांगितली गेली नाही तर 'फकिरा' एक साहसकथा म्हणून संपून जाते.

'बनगरवाडी' त्याहून वेगळी. तिच्यातला तरुण मास्तर ओसाड पडलेली शाळा सुरू करतो, लोकांना जोडतो, तालीम बांधतो, आणि एका दुष्काळात सगळी वाडी उठून जाते. त्याच्या हातून काहीच टिकत नाही. इथे नायक कोण? मास्तर म्हणावा, म्हातारा कारभारी म्हणावा, की वाडीच? माझं मत वाडीच्या बाजूने आहे. पण मुलांनी मास्तर म्हटलं तर त्यांनी कादंबरीतला प्रसंग काढून दाखवावा. त्यासाठी त्यांना ती पुन्हा उघडावी लागेल.

बायकांचा प्रश्न तर बहुतेक वर्गांत निघतच नाही. शूर माणसांची नावं सांगा म्हटलं की झाशीच्या राणीनंतर यादी थांबते, कारण शौर्य म्हणजे रणांगण हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' इथे उपयोगी पडतं. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. नवरा एकीकडे, आप्त आणि धर्म दुसरीकडे, अशा पेचात लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे टिळकांकडे परतल्या, पण त्यांच्या सांगण्यावरून धर्म बदलला नाही. सोवळंओवळं, जातपात यांचा स्वतःच्या डोक्याने विचार केला, स्वतःला पटलं तेव्हाच ते सोडलं आणि स्वतःच्या मनाने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. यात लढाई कुठे आहे, असं मुलं विचारतील. त्यांना विचारू द्यावं.

नव्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. विद्यार्थ्याने स्वतःचं मत लिहावं म्हणून तो आला, आणि आज बाजारात स्वमताचीही तयार उत्तरं मिळतात. मुलांना मत नाही, असं याचं कारण नाही. धडा शिकण्याआधी त्यांचं मत कुणी विचारलेलं नसतं, म्हणून शिकून झाल्यावर ते शोधून सापडत नाही.

भाषा शिकवणाऱ्या सर-मॅडमना माझी विनंती आहे. यंदाच्या पुस्तकातला एकच धडा निवडा, ज्यात कुणीतरी कशासाठी तरी उभं राहिलं आहे असा. पहिल्या तासाला पुस्तक उघडूच नका. ज्या मुलांना त्या विषयाची माहिती आहे त्यांना बोलू द्या, चार वादाची वाक्यं फळ्यावर लिहा, उत्तरांचे कागद गोळा करून कपाटात ठेवा. धडा संपला की ते परत वाटा, आणि आज काय वाटतं ते त्याच कागदाच्या मागे लिहायला सांगा. अभ्यासक्रमातला एक तास जाईल. तो द्यावा.